गुडघ्याच्या सुजेचा तक्ता

३ जुलै, सकाळी ११
आई नवा गुडघा घेऊन घरी आली. बर्फाचं खातं माझ्याकडे. फिजिओबाईंचा कागद: दिवसातून चार वेळा व्यायाम, मग वीस मिनिटं बर्फ. दोन आठवड्यांत गुडघा नव्वद अंश वाकला पाहिजे, नाहीतर डॉक्टर पुन्हा भूल देऊन तो जोराने वाकवणार. हे ऐकून आईचं तोंड उतरलं. म्हटलं, मी आहे ना.
गुडघा पाहिला. काळानिळा, कडेने पिवळा, मधोमध टाके. दोनदा बाहेर जाऊन आलो.

४ जुलै
तक्ता आखला. शिवणाच्या टेपने सूज मोजली: ४४ सेंमी. टेप तीनदा साबणाने धुतली.

५ जुलै
मटारची गोठवलेली पाकिटं गुडघ्यावर छान बसतात. ताईने त्यातलंच एक फोडून शिजवलं. दोघी बोटं चाटत जेवल्या. मी उपाशी.

७ जुलै, दुपारी ४
ताई कामावर असते, दुपारचा व्यायाम मी घेतो. आधी ४३.०, नंतर ४३.८. म्हणजे सूज व्यायामानेच येते! शिकलेल्या माणसांना एवढं कळू नये याची शिसारी येते. मी दहावीला अडकलो म्हणून माझं कोण ऐकणार? आजपासून व्यायाम बंद, बर्फ दर तासाला. ताईला सांगितलं की फिजिओबाईंनी फोनवर परवानगी दिली.
फोन करायचा आहे.

१० जुलै
४२.१. आई खूश. म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे. गादी ओली, खोलीला कुबट टॉवेलचा वास. नाक दाबून बर्फ ठेवतो.

१३ जुलै
४१.२. फोन राहिला. आई म्हणते पायाचा ओंडका झालाय. चांगलं लक्षण.

१७ जुलै
फिजिओबाईंना तक्ता दाखवला. ४०.५! छान म्हणाल्या. मग गुडघा वाकवला. आई कळवळली. अठ्ठावन्न अंश. व्यायाम कोणी बंद केला, असं विचारलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तक्ता पुन्हा दाखवला.
डॉक्टरांनी एक आठवडा दिलाय. मग भूल.

१८ जुलै
ताईने रजा टाकली. व्यायामाच्या वेळी मला खोलीबाहेर काढतात. आई शिव्या देते. ताई म्हणते, हव्या तेवढ्या दे, पण वाकव. किळसवाणा प्रकार. सूज ४१.९. मी सांगत होतोच.

२१ जुलै
आत जाऊन व्यायाम थांबवायला सांगितलं. आई घामाने निथळत होती. घामाचा, मलमाचा वास. मी दारातच थांबलो.
आई म्हणाली, "बाळा, व्यायामाने दुखायचं आणि तुझा बर्फ बरा वाटायचा, म्हणून मीही गप्प बसले. आता तू बाहेर जा आणि दार लाव."
लावलं.

२४ जुलै, दुपारी १
ब्याण्णव अंश. भूल नाही. आई रडली, ताई रडली, फिजिओबाईंनी चष्मा पुसला. बर्फाचं नावही कोणी काढलं नाही.
घरी आल्यावर टेप घेऊन आईजवळ बसलो. म्हणाली, जरा थांब, चहा टाकते. वॉकर घेऊन स्वयंपाकघरात गेली.
चहा तीन कप. चांगला होता.
सूज: मोजू दिली नाही.