दहा सेकंद हलू नका

११ फेब्रुवारी, मंगळवार

होटगीच्या केसरबाई दुकानात! तीस वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेत माझ्या 'कॉम्प्युटर फोटो'च्या स्टॉलवर भांडून गेल्या, तेव्हापासूनची ओळख. "भीमाण्णा, आमचं मालक गेलं. तुमी काढलेला त्येंचा फोटो हाय का? तवा मी फाडला. रविवारी पुण्यानुमोदन हाय." घरात फक्त आधार कार्डावरचा. "त्यात चोरी करताना धरल्यागत दिसत्यात."

'देतो' म्हणून बसलो. माझ्या तोंडाला कुलूपच नाही!

१२ फेब्रुवारी

माळ्यावरून खोकं काढलं. टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर, काळा-पांढरा कॅमेरा आणि मधली ती डबी – कॅमेऱ्यातलं चित्र कॉम्प्युटरला समजावून सांगणारी. डावीकडून उजवीकडं एकेक उभी रेघ उचलायची. तोवर दहा सेकंद गिऱ्हाइकानं दगड व्हायचं. सोलापूरकर आणि दहा सेकंद गप्प! निम्म्या गावाला मी दोन-दोन नाकं दिली.

डबीत पाल निघाली. जिवंत.

१३ फेब्रुवारी

चालू झाला!! अठरा फ्लॉप्यांना बुरशी.

१४ फेब्रुवारी

एकोणिसावीत केसरबाईंचे मालक, जालिंदरराव सापडले. दहा सेकंदांत मान वळवत गेलेत – डावा गाल समोर, उजवा डोळा भलतीकडंच. याच फोटोवरून केसरबाईंनी माझा उद्धार केला होता – "माणूस दिला हुता, ह्यो काय परत दिला?"

आमच्या सुनेनं, अक्षतानं, मोबाइलवर सरळ करून दिला. गुळगुळीत नवरदेव!

१५ फेब्रुवारी

नवरदेव बघून केसरबाईंनी पदर सावरला. "ह्यो कोण पाव्हना?"

मग भीतभीत जुना दाखवला.

"चाळीस वर्सं संसार केला, भीमाण्णा. कधी मान वळवून माझ्याकडं बघितलं न्हाय. हितं कुणाकडं बघत्यात? मी कुठल्या बाजूला हुते?"

"उजवीकडं की, वहिनी."

"व्हय?"

"व्हय तर!"

डोळ्याला पदर. "ह्योच द्या. लई मोठा करून."

१६ फेब्रुवारी, रविवार

होटगीला जाऊन आलो. हारातून जालिंदरराव उजवीकडं बघतायत. केसरबाईंनी मुद्दाम त्याच बाजूला बसकण मारलेली. हलायला तयार नाहीत!

१७ फेब्रुवारी

हे फक्त इथंच लिहितो. फोटो काढला तेव्हा केसरबाई आकाशपाळण्याच्या रांगेत होत्या. उजवीकडं भज्यांची कढई होती. "कांद्याची हाईत का मिरचीची?" – सहाव्या सेकंदाला जालिंदररावांनी विचारलेलं अजून कानात आहे.