आधी चुकीचं खोड

होमा बे, ८ सप्टेंबर १९९४

ति. अकेयो आत्यास,
शि. सा. न.

पत्राचं कारण रडकं आहे, पण मी रडत नाहीये. सराव परीक्षेत मी गणितात वर्गात पहिली आणि स्वाहिलीत शेवटून दुसरी आले. नोव्हेंबरात आठवीची खरी परीक्षा. तेव्हाही स्वाहिलीनं बुडवलं तर मुलींची बोर्डिंग शाळा विसरायची आणि पुन्हा आठवीतच बसायचं. बाई सांगतात, चारही पर्याय मनात म्हणा, कानाला गोड लागेल तो निवडा. पण माझ्या कानानं जन्मभर आपली लुओ भाषाच ऐकलीय गं! त्याला चारही सारखेच गोड लागतात. तू इतकी वर्षं मोंबासात आहेस, बकारी आतोबा तर तिथलेच. तेवढा कान उसना दे.

लोभ आहेच, तो निकालापर्यंत तरी कमी करू नकोस.
तुझी अपोंडी

मोंबासा, १९ सप्टेंबर १९९४

चि. अपोंडीस,
अ. उ. आ.

कान उसना मिळत नाही, बयो. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा बाजारात तोंड उघडलं की मासेवाल्या हसून लोळायच्या. आतोबांना विचारलं, बरोबर उत्तर कसं ओळखायचं? तर म्हणाले, बरोबर असतं ते बरोबर असतं, त्यात ओळखायचं काय!

म्हणून माझीच रीत सांगते. बरोबर काय ते शोधूच नकोस, चुकीचं शोध. वाक्यातलं नाम कशानं सुरू होतं ते बघ. ‘कि’नं सुरू झालं, तर क्रियापदाच्या तोंडीही ‘कि’ हवा. ज्या पर्यायात नाही तो पेन्सिलीनं खोड. असं करत एकच उरला की झालं. मध्येच कान बोलायला लागला तर त्याला गप्प बस म्हणावं. सोबत सरावाची एक प्रश्नपत्रिका पाठवतेय. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, नमस्कार.

माया आहे, पत्रांचा रतीब चालू ठेव.
तुझी आत्या

होमा बे, ६ ऑक्टोबर १९९४

ति. आत्यास,
शि. सा. न., पण जरा रागानं.

तुझ्या रीतीनं माझी पार फजिती केली! वाक्य होतं, ‘किबोको नदीत झोपलाय.’ किबोको ‘कि’नं सुरू, म्हणून मी ‘कि’चं क्रियापद ठेवलं आणि बाकी सगळी खोडली. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. किबोको म्हणजे पाणघोडा आणि किबोको म्हणजे चाबूकही. माझ्या उत्तरात चाबूकच नदीत जाऊन झोपला! जिवंत प्राण्याला माणसासारखंच क्रियापद लागतं, हे तू सांगायला नको? वर्ग मला आता चाबूकबाई म्हणतो.

पण खरं सांगू, आता मी आधी बघते, नाम जिवंत आहे का, आणि मगच खोडते. गेल्या चाचणीत निम्म्याच्या वर गेले. बाबा मात्र बिथरलेत. म्हणतात, येत असेल तर येतं म्हणावं, नसेल तर नाही म्हणावं, ही खोडाखोड म्हणजे निव्वळ जुगार. मला फार लागलं गं.

लोभ राहू दे, आज त्याची गरज आहे.
अपोंडी

मोंबासा, १७ ऑक्टोबर १९९४

चाबूकबाईस,
अ. उ. आ.

इथली गंमत ऐक. आतोबांनी तसलीच प्रश्नपत्रिका मागून घेतली. कॉफी पीत, पाय हलवत झटझट उत्तरं दिली. मी तपासली, तर कितीतरी चुकलेली! आजीकडून आलेली त्यांची बोली सोन्यासारखी, पण पुस्तकातली भाषा निराळी. म्हणाले, पेपर काढणाऱ्याला माझ्यासमोर आणा, त्यालाच शिकवतो स्वाहिली. सकाळी मुकाट्यानं पेन्सिल मागितली.

दादाला सांग, जुगारी खोडत बसत नाही, तो नुसता फेकतो. काय चूक आहे आणि का चूक आहे, हे सांगता येणं हीसुद्धा विद्याच आहे. आणि तू जेवून-झोपून परीक्षेला जा.

आम्हा दोघांचा जीव तुझ्याकडे लागलाय.
आत्या

किसुमू, ५ फेब्रुवारी १९९५

ति. आत्या व आतोबांस,
शि. सा. न.

वरचा पत्ता वाचलात ना? बोर्डिंगचा आहे!

परीक्षेत एका प्रश्नात तीन पर्याय खोडले, आणि चौथा इतका विचित्र की तसं बोलताना मी कुणाला ऐकलंच नव्हतं. तरी तोच लिहिला. बाहेर आले तर सगळ्याजणींनी दुसराच निवडलेला. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं, विचित्र होता तोच बरोबर. स्वाहिलीत काही पहिली आले नाही, पण शाळा मिळण्यापुरते गुण पडले.

सोडायला बाबाच आले, पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन. मुख्याध्यापिका तुमच्या किनाऱ्याकडच्या, त्या स्वाहिलीतच बोलल्या. बाबा परक्यासमोर स्वाहिली कधी बोलत नाहीत, तुला ठाऊकच आहे. मला वाटलं, मलाच पुढं करतील. पण त्यांनी टोपी काढली आणि स्वतःच सांगितलं, ही माझी मुलगी, हुशार आहे, हिला सांभाळा. क्रियापदांपासून सगळं चुकलेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला.

बाबा फाटकापर्यंत गेले आणि परत आले. हळूच विचारलं, नीट बोललो ना मी? मी म्हटलं, बाबा, त्यांना सगळं कळलं. मग गेले, ताठ मानेनं, एकदाही मागं न बघता.

इथं अजून ओळखी नाहीत. तेव्हा लोभ वाढवा आणि पत्रं लांब लिहा.
तुमची अपोंडी