कार्ड नंबर सात

१८ जानेवारी, रविवार. कारेगाव

आज शिरूरच्या चर्चमध्ये आमच्या लग्नाची पहिली पुकार झाली. शेवटच्या गीताआधी पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि वाचलं: शिरूर मंडळीतील सुधीर व दौंड मंडळीतील करुणा यांचा विवाह योजिला आहे, कोणास योग्य कारणावरून हरकत असल्यास कळवावे. मग थांबले. फार वेळ थांबले असं मला वाटलं. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं आणि मी वळून पाहिलं. खोकलाच होता. अजून दोन रविवार राहिले.

त्याच वेळी दौंडच्या चर्चमध्येही हेच वाचलं असणार. क. त्या वेळी कुठं बघत असेल? (करुणाला इथं क. लिहितो. रूमवर वही उघडी राहते.)

आजवर भेटी तीन. तिन्ही वेळा भोवती माणसं. ती माझ्याशी बोललेली वाक्यं आठवून लिहितो. १) साखर किती घालू. २) माझी लॅबची ड्यूटी सकाळी सातची असते. ३) कारेगावात पाणी रोज येतं का. एवढंच. तिला हे लग्न हवंय का, हे मला माहीत नाही. आईला विचारलं. "हो म्हनली म्हंजी हवंयच की! तू काय आता स्टॅम्पपेपर मागतो का?" पण तो हो तिच्या दादाने फोनवर सांगितला. तिच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

२० जाने., मंगळ.

सेकंड शिफ्ट. निघायच्या आधी विल्यमचा फोन. तो आमच्या चर्चच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. सव्वीसला सुटी आहे, तर सांदण दरी, घाटघर आणि भंडारदरा अशी एक दिवसाची सहल. तिथला गाइड ठरवलाय. क. आणि तिची वहिनी पण येणार. "तुझ्यासाठीच बोलावलंय रे बावळटा. नाहीतर दौंडच्या लोकांना आम्ही कशाला नेतोय?"

माणसं मोजायचं काम मला दिलं. मागच्या सहलीला दोघं आळेफाट्याला चहा पीत राहिले होते म्हणे.

मोजायला मी भीत नाही. कंपनीत तेच करतो. पार्टचा ट्रे तपासून झाला की त्याला टॅग लागतो आणि शिफ्ट संपताना आम्ही टॅग मोजतो. ट्रे परत उघडत नाही. म्हणून ठरवलं, प्रत्येकाला एक कार्ड करायचं. नंबर, नाव, घरचा फोन, लाल नाडी. बसमध्ये जागेवर बसलं की कार्ड समोरच्या हुकाला अडकवायचं, उतरताना गळ्यात घालायचं. मी कार्डं मोजणार.

विल्यम म्हणाला, "अरे, डोकी मोज की सरळ."

म्हणालो, डोकी हलतात.

२३ जाने., शुक्र.

कार्डं झाली. बावीस. ड्रायव्हर आणि गाइड वेगळे. सगळी नावं यादीवरून दोनदा तपासली. सात नंबरचं कार्ड पुन्हा केलं, शाई पसरली होती. मग तिसऱ्यांदाही केलं, कारण बाकीच्यांपेक्षा ते जास्त चांगलं दिसायला लागलं आणि कोणाच्या लक्षात आलं असतं.

रूममेट राजकिशोर पलंगावरून बघत होता. "शादी का कार्ड खुद बना रहा है क्या भाई? प्रेस वाले मर गए?"

२५ जाने., रवि.

दुसरी पुकार. कोणी खोकलं नाही.

संध्याकाळी क. आणि शालिनीवहिनी शिरूरला आल्या. मुक्काम विल्यमच्या घरी. मी सात वाजता कार्डं द्यायला गेलो. वहिनी मोठ्याने हसल्या. "आमच्यात लग्नात रुमाल देत्यात, तुम्ही बिल्ला देताय व्हय!" क.ने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"सात का?"

"यादीत सातवं नाव आहे."

"बरं."

परत येताना गाडीवर विचार करत होतो, दुसरं काही सांगायला हवं होतं का. पण ती खरंच सातवी आहे.

२६ जाने., सोम. (बसमध्ये)

४.१० निघालो. कार्डं २२.
आळेफाटा. चहा. २२.
राजूर. नाश्ता, झेंडावंदनाची पोरं रस्त्यावर. २२. क.च्या गळ्यात कार्ड होतं, बसल्यावर तिने स्वतः अडकवलं. नियम पाळते.
९.१५ साम्रद. रेंज गेली.

२७ जाने., मंगळ.

सकाळ. शिफ्ट तीनची आहे. काल जे झालं ते क्रमाने लिहितो. लिहिल्यावर कळेल असं वाटतं.

सांदण दरी लांबून दिसतच नाही. सपाट रान, कारवीची झुडपं, आणि मग जमीन एकदम फाटलेली. आत उतरल्यावर दोन्हीकडे काळ्या भिंती, वर आकाशाची पट्टी. ऊन वरच राहतं. गाइड साम्रदचेच, सखाराममामा. हातात काठी, पायात स्लीपर. आम्ही बुटांतही घसरत होतो. पहिल्या पाण्यापाशी ते म्हणाले, "बूट गळ्यात घाला, हात मोकळं ठेवा. एकमेकाला धरा. लाजायचं काम न्हाई, पाणी लाजत न्हाई."

पाणी कमरेपर्यंत आणि इतकं गार की पाय कुठं संपतो ते कळेना. क. माझ्यापुढं होती. मागे न बघताच तिने हात मागे केला. मी धरला. पाण्याच्या मधोमध ती म्हणाली,

"सुधीर, तुम्हाला कधी असं वाटतं का, की..."

आणि मागून विल्यमने आवाज घुमतो का बघायला "हालेलूया" ठोकली. मग सगळ्यांनीच. भिंतींनी ते बराच वेळ चालू ठेवलं. शांत झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होतात?"

"काही नाही. राहू द्या."

परत विचारायचं होतं. पण पलीकडच्या काठावर माणसं पुढं सरकायला लागली होती आणि मला मोजायचं होतं. तिचा हात सोडला आणि पुढं गेलो. बावीस होते.

दीड वाजता मामांच्या घरी जेवण. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. क.ने मामींना विचारून दोन भाकरी स्वतः थापल्या. मी लांब बसलो होतो. ती काहीतरी सांगत होती आणि मामी हसत होत्या. ती एवढं बोलते हे मला माहीत नव्हतं.

तीनला घाटघरचा तलाव. वारा फार. पाणी निळं आणि चारी बाजूंनी डोंगर. वीस मिनिटं दिली होती. हॉर्न झाला, माणसं पळत आली. मी पुढून मागपर्यंत कार्डं मोजली. बावीस. परत मोजली. बावीस. म्हणालो, "चला."

दहा मिनिटांनी वहिनी, त्यांना मळमळतं म्हणून त्या ड्रायव्हरजवळ बसल्या होत्या, मागे न बघताच म्हणाल्या, "करुणा, ती गोळी दे गं."

कोणी दिली नाही.

मी वळून पाहिलं. चौथ्या रांगेत खिडकीची जागा रिकामी. समोरच्या हुकाला सात नंबरचं कार्ड. बस चालेल तसं हलत होतं.

मी नक्की काय बोललो आठवत नाही. विल्यम म्हणतो, मी "बावीस आहेत, बावीस आहेत" म्हणत होतो. रस्ता अरुंद, बस वळवायला जागा मिळेना. तिला फोन लागेना. वहिनी रडायला लागल्या. आम्ही परत पोचलो तेव्हा ४.०५.

ती काठावरच्या खडकावर बसली होती. चपला शेजारी नीट ठेवलेल्या, पाय पाण्यात. बस पाहून उठली, चपला घातल्या, चालत आली. पळत नाही. वहिनी तिच्या गळ्यात पडल्या. "अगं वहिनी, मी कुठं जाणारंय?" मग माझ्याकडे पाहिलं.

"बावीस भरले होते?"

"हो."

ती हसली. रागाने नाही. रागाने असतं तर मला कळलं असतं.

"खरं सांगू? एवढी निवांत मी आजपर्यंत कधी बसलेच नव्हते."

भंडारदऱ्याला ती बसमधून उतरली नाही. परतीच्या वाटेवर विल्यम आळेफाट्यापर्यंत तेच बोलत होता. "तिसरी पुकार व्हायच्या आधीच नवरी हरवली! साहेबांनी हरकत कोणाला विचारायची, बसला?" सगळे हसले. क.सुद्धा हसली.

शिरूरला कार्डं परत घेतली. एकवीस. सात नंबरचं आलं नाही.

लिहून झालं. कळलं नाही. सकाळपासून प्रत्येक वेळी ती कार्ड गळ्यात घालून उतरली. घाटघरलाच कार्ड हुकाला कसं राहिलं? विसरली? की मुद्दाम ठेवलं? मुद्दाम असेल तर कशासाठी? मागे राहायचं होतं म्हणून? की मी कार्ड बघतो का तिला, हे बघायला? आणि हे काहीच नसेल, तर कार्ड परत का दिलं नाही?

२८ जाने., बुध.

राजकिशोरला विल्यमच्या स्टेटसवरून कळलंय. "पूरी कंपनी में एक ही आदमी है, जो बीवी को गिन के छोड़ आया."

आज शिफ्टला एक टॅग लावलेला ट्रे उघडून पाहिला. भरलेला होता. दुसरा उघडला. तोही भरलेला. सातवा उघडताना सुपरवायझर आले. "काय रे, काय शोधतो?" म्हणालो, काही नाही. "मग बंद कर. टॅग कशाला लावतो आपण?"

त्यांचं बरोबर आहे. मीही नवीन पोरांना हेच सांगतो.

२९ जाने., गुरु.

तिच्या दादाचा आईला फोन. "मुलाचं ध्यान कुठं असतं? उद्या नांदवायची हाय त्यानं आमच्या बहिणीला. अजून एक पुकार राहिलीय, मावशी. थांबायचं असंल तर आत्ताच थांबलेलं बरं."

आई रडली नाही, रागावली. "तू आता दौंडला फोन करून माफी माग. आन् तुझी ती कार्डं चुलीत घाल."

माफी मागितली. दादाने ऐकून घेतली. काय ठरलं ते बोलले नाहीत. क. त्या वेळी घरात होती का, विचारायचं धाडस झालं नाही.

३० जाने., शुक्र.

आज थेट क.ला फोन केला. पहिल्यांदाच. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं.

"घाटघरला कार्ड मुद्दाम ठेवलं होतं का?"

तिच्या मागे कोणीतरी पेशंट ओरडत होतं, "म्याडम, सुई दुखंल का?"

मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला कळत नाही."

"रविवारी दौंडला या. आमच्या चर्चला." आणि पेशंटला, "नाही दुखत हो बाबा, इकडं बघूच नका." फोन ठेवला.

बोलावलं म्हणजे चांगलं की वाईट? कागदावर बाकीचे चार प्रश्न तसेच राहिले.

१ फेब्रुवारी, रवि. दौंड

चर्चच्या आवाराबाहेर, रस्त्याच्या पलीकडं चहाची टपरी आहे. तिथल्या बाकड्यावर लिहितोय. आता दुपारचे ३.२०.

सकाळी न्हावरेमार्गे एसटीने आलो. उपासना सुरू झाली होती. मी मागे, पुरुषांच्या बाजूला बसलो. बायकांकडे चौथ्या बाकावर शालिनीवहिनी. त्यांच्याशेजारी क.चं बायबल आणि घडी घातलेली निळी शाल. बघून बरं वाटलं. आली आहे. पुढं पाहू लागलो.

दोन गीतं झाली. संदेश झाला. पाळकसाहेबांनी कागद काढला आणि माझं नाव वाचलं, तिचं नाव वाचलं. तेव्हा मला उमगलं की मी शाल मोजली आहे.

परत पाहिलं. बायबल होतं. शाल होती. ती नव्हती.

"...कोणास योग्य कारणावरून हरकत असल्यास..."

मी उभा होतो. कधी उठलो माहीत नाही. साहेब वाचायचे थांबले. सगळं चर्च वळलं. पहिल्या बाकावरून तिचा दादाही वळला.

"बोला," साहेब म्हणाले.

"हरकत नाही साहेब. करुणा जागेवर नाहीत. बघून येतो."

कोणीतरी हसलं. मी बाहेर आलो.

ती चर्चच्या मागच्या पायरीवर, नळाजवळ बसली होती. मला पाहून दचकली.

"झाली पुकार?"

"अर्धी झाली."

"अर्धी?"

"मी मध्येच उठलो."

तिने तोंडावर हात ठेवला. हसत होती की काय, सांगता येत नाही. मग म्हणाली, "तिन्ही रविवारी मी इथंच बसले. पुकारेच्या आधी उठते आणि इथं येते. बायबल आत असतं, म्हणून कोणाला कळत नाही."

मी कागदावरचे प्रश्न विसरलो. एकच आला. "तुम्हाला हे लग्न हवंय का?"

नळ गळत होता. तिने तो पिळून बंद केला.

"दादाने विचारलं होतं, मुलगा कसा वाटला. मी म्हटलं, बरा वाटला. त्याचा हो झाला. तुम्ही आत्ता विचारलं ते कोणी विचारलं नव्हतं."

"मग?"

"लगेच सांगायचं का?"

"नाही."

"चारपर्यंत थांबा. मी घरी जाऊन येते. कोणाशी बोलू नका. दादाशी तर नकोच."

आणि गेली. मागून वहिनी शाल घेऊन आल्या. म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर साहेबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. कोणाची हरकत आली नाही. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जरा येडंच हायसा." आवाजात राग नव्हता. किंवा होता.

पाण्यातलं ते अर्धं वाक्य विचारायचं राहिलं. कार्डाचंही राहिलं.

३.४०. टपरीवाला म्हणतो, "पाव्हनं, तिसरा चहा. कुणाची वाट बघताय?" खोटं बोललो. एसटीची म्हणालो.

३.५२. कोपऱ्यावरून येतेय. एकटीच आहे. निळी शाल. लाल नाडी दिसली. कार्ड आणलंय.

गळ्यात घातलं म्हणजे उतरली, हुकाला अडकवलं म्हणजे बसली, असा नियम मी केला होता. कार्ड तिच्या हातात आहे. हातात असलं तर काय, ते मी ठरवलेलं नाही.

रस्ता ओलांडतेय. वही मिटतो.