पक्की मांड

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी.
काल जेवताना मेहुण्याने सगळ्यांदेखत जाहीर केलं की क्लबच्या एप्रिलमधल्या घोड्यांच्या शोमध्ये ‘पालक-पाल्य जोडी’ अशी एक फेरी असते आणि त्यात भाचीबरोबर तो उतरणार. मी विचारलं, पालक कोण? तर म्हणे, भावोजी, घोड्याचं तोंड कोणत्या बाजूला असतं ते तरी ठाऊक आहे का? मुलगी हसली. माझी मुलगी, वय वर्षं चौदा, मामाच्या विनोदावर हसली. मी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. जरा जोरात. तळहाताला टाके पडले. स्वभावाने मी शांत आहे म्हणून एवढ्यावर भागलं.
संकल्प: जोडीत मुलीबरोबर मीच उतरणार. घोडेस्वारीचा पाया माझा पक्का आहे, लहानपणी जत्रेत बसलोय. फक्त पॉलिश हवं. त्यासाठी एखादा अनुभवी गुरू गाठायचा.

७ जानेवारी
गुरू गाठला. रिटायर्ड जॉकी. उंचीने माझ्या खांद्याला लागतो. पहिला महिना फक्त लीद काढायची आणि घोड्याला खरारा करायचा, म्हणाला. मी त्याला नम्रपणे सांगितलं की माझं बाथरूम फिटिंग्जचं शोरूम आहे, झाडू मारायला माझ्याकडे माणसं आहेत, बेसिक सोडून पुढचं बोला. बोलताना त्याच्या छातीला बोट लावलं असेन. त्याने माझं नाक फोडलं. त्यासाठी त्याला बादलीवर चढावं लागलं, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवून ठेवतोय.
गुरूमध्ये संयम हवा. ह्याच्यात नव्हता.

९ जानेवारी, दुपार
नाकाला प्लास्टर. तरी सराव चुकवला नाही. घोडा दुडक्या चालीने चालतो तेव्हा स्वाराने तालात उठायचं-बसायचं असतं, असं व्हिडिओत दाखवलंय. शोरूममधल्या इम्पोर्टेड कमोडची उंची त्याला अगदी योग्य. हॅन्ड शॉवरची नळी लगाम म्हणून धरली. मांड सुंदर बसली. भरात येऊन टाच मारली आणि कमोड दुभंगला. मी खाली. समोर एक गिऱ्हाईक जोडपं उभं होतं, त्यातला नवरा हसला. मी बसल्या जागेवरूनच त्याची कॉलर धरली. विक्री झाली नाही. कमोडचं बायकोला अजून सांगितलेलं नाही.

१५ जानेवारी
मिळाला! म्हणजे मिळाल्या. साठीच्या बाई, आयुष्यभर पोलिसांचे घोडे तयार केलेत. हातात कायम चाबूक, म्हणून सगळे हंटरबाई म्हणतात. माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि वजन विचारलं. मी दहा किलो कमी सांगितलं, त्यांनी वीस वाढवले. मग विचारलं, पडलात तर घरी जाता की परत चढता? म्हटलं, मी पडत नाही, पण पडलोच तर परत चढतो आणि ज्याने पाडलं त्याला बघून घेतो. बाईंचा चेहरा उजळला. उद्यापासून या म्हणाल्या. आणि फी? एक पैसा नाही!
रत्नपारखी नजर म्हणतात ती ही. बायकोचं म्हणणं, फुकट कुणी कुणाला काही शिकवत नाही. त्या सगळ्या घराण्यालाच माझं चांगलं बघवत नाही.

१८ जानेवारी
घोडा ठरला. काळा, दांडगा. तबेल्यात त्याला ‘वकील’ म्हणतात, कारण प्रत्येक गोष्टीला हरकत घेतो. चढलो, पडलो. चढलो, पडलो. तिसऱ्यांदा त्याने मान वळवून माझा गुडघा दातांत धरला. मी त्याच्या नाकाडावर ठोसा लगावला. त्याच क्षणी चाबूक कडाडला. माझ्या पाठीवर. घोड्यावर हात उगारायचा नाही, बाई म्हणाल्या. मी विचारलं, मग हा चाबूक कशाला? त्या म्हणाल्या, कळलं ना आता कशाला.
शिस्त आवडली. उताणं झोपता येत नाही.

२ फेब्रुवारी
वकिलाने मला कुंपणावर घासत नेलं, मग थांबला, मग आपटलं. एक बरगडी गेली. डॉक्टरांनी विचारलं, ट्रक होता की बस?

११ फेब्रुवारी
आजचा दिवस सोन्याचा. वैरणीच्या गंजीमागे मलम चोळत बसलो होतो, तेवढ्यात बाईंचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. कुणाला तरी सांगत होत्या, त्याची प्रगती चांगली आहे. आला तेव्हा महाहट्टी होता, ऊठसूट अंगावर धावून जायचा. आता दरडावलं की ऐकतो. चावणं तर जवळजवळ बंद झालंय.
माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. चावण्याचा उल्लेख मात्र खटकला. मागे एकदा एका पार्किंगवाल्याच्या मनगटाला माझे दात लागले होते, पण ते झटापटीत, आणि ही गोष्ट बाईंपर्यंत कुणी पोचवली त्याचा शोध घ्यावा लागेल.

२० फेब्रुवारी
संकल्प: आजपासून राग बंद.

२० फेब्रुवारी, दुपार
वकिलाने मागच्या पायांनी आधी बादली उडवली आणि मग मला. एक दाढ सापडली, दुसरी गवतात शोधतोय. उठलो आणि येतात तेवढ्या सगळ्या शिव्या घसा फाटेस्तोवर त्याला घातल्या. तो कान टवकारून उभा राहिला. बाई रागावतील असं वाटलं, तर त्या खूश! म्हणाल्या, असंच ओरडा, आणखी मोठ्याने, त्याला सवय होऊ दे. मग मला खोगिरावर बसवून हातात छत्री दिली आणि उघडायला लावली. उडालो. परत चढलो. फुगे फोडायला लावले. उडालो. परत चढलो. पत्र्याचा डबा वाजवायला लावला. एवढी अद्ययावत पद्धत ह्या देशात दुसरं कुणी वापरत नसेल.

१४ मार्च
आज मुलगी आली होती, मामाबरोबर. वकिलाने फक्त एकदाच पाडलं. उठलो, चढलो आणि दुडक्या चालीने मैदानाला एक पूर्ण फेरी मारली. मुलीने टाळ्या वाजवल्या. हसली नाही. माझा श्वास अडकला, परवा दुसरी बरगडीही गेली हे त्याचं एक कारण, पण तेवढंच नाही.
घरी जाताना गाडीत तिला विचारलं, जोडीत माझ्याबरोबर येशील ना? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, बघू, बाबा.
आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे हो. बायको म्हणते, ‘बघू’ म्हणजे नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला हे कळलेलं नाही. मी वाद घातला नाही. दाराला लाथ मारली. दार मजबूत आहे.

५ एप्रिल
बाईंचा पुन्हा फोन. आडून ऐकणं वाईट, पण स्वतःचं कौतुक ऐकण्याला आडून ऐकणं म्हणत नाहीत. म्हणाल्या, तयार झालाय. आता लहान पोर पाठीवर बसवलं तरी काळजी नाही.
पोर पाठीवर? नियमावलीत हे कुठे दिसलं नव्हतं. पण ज्या अर्थी बाई म्हणतात त्या अर्थी फेरीत असा काही प्रकार असणार. मुलीला पाठीवर बस म्हटलं तर ती आईला हाका मारायला लागली. शेवटी गोदामात सेल्समनला पाठुंगळी घेऊन टाइल्सच्या खोक्यांना दोन फेऱ्या मारल्या. तिसरीत कंबरेत कट्कन काहीतरी मोडलं. सेल्समनने राजीनामा दिला.

२६ एप्रिल
उद्या शो. नवे बूट घेतले. मेहुण्याचा चेहरा कसा होईल त्याचा आरशासमोर अंदाज घेतला. मुलीला म्हटलं, उद्या लवकर उठायचंय आपल्याला. ती काहीतरी सांगणार होती, पण मी म्हटलं, उगाच भावुक होऊ नकोस, उद्या मैदानातच बोलू.

२७ एप्रिल, सकाळी साडेसहा
बूट चढले. एक उलटा गेला होता, बदलला. बरगड्या आवळून बांधल्या आहेत. आज इतिहास घडणार.

२८ एप्रिल
डाव्या हाताने लिहितोय. हॉस्पिटल.
काल मी तयार होऊन पोचलो तर हंटरबाईंनी वकिलाचा लगाम मुलीच्या हातात दिला. मी म्हटलं, बाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय. त्या म्हणाल्या, गल्लत कसली, काम झालं. मग सगळं कळलं. हा घोडा मेहुण्यानेच घेतलाय, भाचीसाठी. तो कुणालाच अंगाला हात लावू देत नव्हता. बाईंना एक वजनदार माणूस हवा होता, जो पडेल, आरडाओरडा करेल आणि तरी परत चढेल. शहाणा माणूस दोनदा पडल्यावर परत येत नाही, आणि माझ्यासारखा माणूस त्यांना उभ्या हयातीत भेटला नव्हता. हे शेवटचं वाक्य मी कौतुक म्हणून धरतो.
मेहुण्याची कॉलर माझ्या मुठीत होती, दुसरा हात उगारलेला होता. थोबाड फोडणारच होतो. वरून खोगिरातून मुलगी म्हणाली, बाबा, मामाला सोड ना, आम्हाला उशीर होतोय.
आम्हाला. सोडला.
ती आणि मामा फेरीत उतरले. बँड वाजत होता, फुगे फुटत होते, प्रेक्षकांत छत्र्या उघडत होत्या. वकिलाचा कानसुद्धा हलला नाही. गायीसारखा चालला. ती मान ताठ ठेवून बसली होती, जराही घाबरली नव्हती. पहिला नंबर. कुंपणाशी उभं राहून मी शेजाऱ्यांना सांगत होतो की घोडा मी तयार केलाय. एकाने बरगड्यांच्या पट्ट्या बघून विश्वास ठेवला. मला रडू येत होतं, आणि ते कुणावरच्या रागाने येत होतं ते मला नीट सांगता येणार नाही.
ती उतरून बक्षीस घेत होती, म्हणून मी वकिलाला शाबासकी द्यायला गेलो. पुढे गर्दी होती, मागून गेलो. दोन्ही खूर एकदम लागले. उजवा हात मनगटापाशी मोडला, परीक्षकांचं टेबल मध्ये आलं, तेही मोडलं.
मुलगी बक्षीस टाकून धावत सुटली. रडत होती. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मी पडल्या पडल्या, जमेल तेवढे हात पसरले.
ती सरळ वकिलाकडे गेली. त्याचा मागचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्या पट्ट्याचं बक्कल त्याला लागलं तर नाही ना, ते बघत बसली.
लागलं नव्हतं.