उकिडवं बसायचा सराव

३ नोव्हेंबर, सोमवार
टाके निघाले. डॉक्टर मॅडमनी एक्स-रे दाखवला. नवा खुबा एकदम शोरूम कंडिशन. मग नियम सांगितले. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही, बुटक्या खुर्चीवर टेकायचं नाही. पाळलं तर खुबा वीस वर्षं टिकतो, नाहीतर गोळा वाटीतून निसटतो.

पार्ट बसवणाऱ्याला असं बोलावंच लागतं. नवा पिस्टन टाकला की मीही गिऱ्हाइकाला सांगतो, सुरुवातीला चाळीसच्या वर पळवू नका. कोण ऐकतं? तरी गाड्या पळतात. काही जाम होतात, पण तो चालवणाऱ्याचा हात.

मोटारसायकल मेकॅनिक उकिडवा बसला नाही तर तो मेकॅनिकच नाही. आमच्या मस्तगड भागात कुणालाही विचारा.

डायरी मराठीत ठेवतोय. कमरबीला फक्त उर्दू वाचता येतं. घरात बायकोपासून एवढी तरी जागा हवी.

८ नोव्हेंबर, शनिवार
वॉकर घेऊन गॅरेजपर्यंत गेलो. घराला लागूनच आहे. कलीमने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, लिफ्ट आणलीय. पायाने पंप मारला की अख्खी गाडी छातीपर्यंत वर. म्हणाला, अब्बा, आता उभ्या उभ्या काम करा, बिलकुल वाकायचं काम न्हाई. मी म्हणालो, हे ऑपरेशन टेबल झालं. मेकॅनिक खाली बसल्याशिवाय इंजिन बोलत नाही. तो हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

संकल्प: महिनाअखेर जमिनीवर. मॅडमना नंतर सांगू. खूश होतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ
फिजिओचे व्यायाम बंद. झोपून पाय बाजूला न्यायचा, हा काय व्यायाम आहे? आता स्वतःचा प्रोग्रॅम. मागच्या खोलीत जुने टायर एकावर एक रचलेत. त्यावर बसायचं, मग एकेक कमी करत जायचं. गोळा वाटीत हळूहळू सेट होतो. शास्त्रीय पद्धत आहे.

संध्याकाळ
कमरबीने विचारलं, दार लावून काय चाललं होतं. व्यायाम, म्हणालो. खोटं नाही. तिने खुशीत खजूर दिले. जरा लाज वाटली. खाल्ले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दोनच टायर उरले. उठताना मांडीत कळ, आणि आतून टक् असा आवाज. घाम फुटला. भिंत धरून बराच वेळ उभा राहिलो. खरं सांगायचं तर भीती वाटली.

नंतर शांतपणे विचार केला. नवीन पार्ट सुरुवातीला आवाज करतोच. आवाज आहे म्हणजे फिरतोय.

आज मॅडमकडे जायची तारीख होती. टाळली. त्या उगाच एक्स-रे काढतात. कलीमला सांगितलं, मॅडम सुट्टीवर आहेत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
कमरबीने टायरवर बसताना पकडलं. म्हणाली, परत ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसायची ताकद तिच्यात नाही, आणि रडायला लागली. तिला मेकॅनिकल गोष्टी समजावणं कठीण आहे. टायरवर पुन्हा बसणार नाही असा शब्द दिला.

शब्द पाळणार. जमिनीवर बसायला टायर कशाला लागतात?

१ डिसेंबर, सोमवार, हॉस्पिटल
परवाचं आज लिहितोय. केदारखेड्याचे रखमाजी गाडी घेऊन आल्ते. जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, इस्माईलभाई, खालून खडखड करून राह्यली, तुम्हीच बघा. कलीम गाडी लिफ्टवर चढवायला लागला. मी थांबवलं. काठी बाजूला ठेवली. रखमाजी म्हणाले, नका बसू, मंग उठता येणार न्हाई. कलीमने माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

बसलो. अगदी पहिल्यासारखा. ढिला बोल्टसुद्धा दिसला. पाना घ्यायला बाजूला वाकलो.

टक्.

पुढचं आठवत नाही असं लिहिणार होतो. सगळं आठवतं. पाय आत वळलेला, आखूड झालेला, आणि मी अम्मीला हाका मारत होतो. तिला जाऊन कैक वर्षं झाली. हात लावायला कुणी धजेना. शेवटी फळीवर सरकवून मला त्या लिफ्टवर घेतलं. कलीमने पंप मारला, मी ॲम्ब्युलन्सच्या उंचीला आलो. सगळी गल्ली बघत होती.

३ डिसेंबर, बुधवार
भूल देऊन गोळा जागेवर बसवलाय. मॅडम ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त धास्ती वाटली. पुन्हा निसटला तर खुबा परत उघडावा लागेल म्हणाल्या, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यासारखं जमत नाही. कमरबी त्या दिवशी थिएटरच्या बाहेर बसली होती. एकटीच.

कलीमला म्हणालो, लिफ्टवर किरकोळ कामं कर, पण इंजिन खोलायची कामं मी येईपर्यंत थांबव. तो म्हणाला, अब्बा, ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं तुम्ही खाली बसलेच न्हाई. बसवतच नव्हतं तुम्हाला. इंजिन मीच खोलायचो, तुम्ही स्टुलावरून पाने द्यायचे.

मी म्हणालो, त्याला देखरेख म्हणतात.

हां, देखरेख, म्हणाला. माझ्या पायांमधली उशी बराबर केली आणि डबा आणायला गेला.

६ डिसेंबर, शनिवार
आज उंच खुर्चीत बसवलं. फिजिओचे व्यायाम सगळे केले, एकही चुकवला नाही. नवीन नर्स होती. बोलता बोलता विचारलं, काका, काय करता तुम्ही?

म्हणालो, मुलाचं गॅरेज आहे.