क्षमेची ओळ

परळ, उपवासकाळातला शुक्रवार, १९५६

आज संध्याकाळी घरच्या रोझरीच्या प्रार्थनेला धाकटा भाऊ अंतोन आला. तो पोलिसात आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात माझ्या मुलाचा, पीटरचा हात लाठीने मोडला, त्या बंदोबस्तात अंतोनही होता.

जिन्यातच अडवून विचारलं, "लाठी तुझी होती का?"

"माहीत नाही रे दादा. मान खाली घालून मारत होतो."

हे काय उत्तर झालं? त्यापेक्षा सरळ हो म्हणाला असता तर...

'आमच्या बापा' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग आई म्हणते, उरलेला आम्ही सगळे. 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर', ही क्षमेची ओळ त्या उरलेल्यात येते. अंतोनशेजारी गुडघे टेकून ती ओळ म्हणायची? जमलंच नसतं. म्हणून म्हटलं, "आई, आज सुरुवात मी करतो." तिला वाटलं असेल, पोराला भक्ती सुचली.

माझा भाग संपला आणि पुढे कोणी बोलेचना. अंतोन नुसता खाली बघत होता. शेवटी पीटरनेच ती ओळ उचलली, मोडका हात गळ्यात बांधलेला, आवाज स्वच्छ. त्याला कसं जमलं? मार त्याने खाल्लाय, मी नाही. मग मी कसला राग धरून बसलोय?

जेवताना अंतोन त्याला माशाचे काटे काढून देत होता. मला बघवेना, उठलो.

मागोमाग आई आली. हळूच म्हणाली, "उद्या सुरुवात मीच करीन. तू अंतोनच्या बाजूला बस."