चढता शब्द

५ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खुशालीच्या दोन ओळी आणि नावांच्या धंद्याची कैफियत दोन पानं. उद्या लोकांना लागेल असा इंटरनेटवरचा पत्ता आज आपल्या नावावर करून ठेवायचा आणि कुणी तो विकत मागेपर्यंत वाट बघत बसायचं, याला काम कसं म्हणतात हे मला अजून उमगलेलं नाही. तुझे मेव्हणे म्हणतात की बसमध्ये रुमाल टाकून जागा धरण्यातलाच हा प्रकार आहे.

असो. या वेळची शब्दांची खंडणी पाठवते. दुकानात हल्ली गिऱ्हाइकं 'अनवाणी बूट' मागतात. तळ इतका पातळ की पायात काही आहे असं वाटतच नाही. म्हणजे पैसे मोजून अनवाणी चालायचं. पहिल्यांदा एकाने मागितले तेव्हा मी हसले होते, आता दिवसाआड कुणीतरी विचारतं आणि मालकांनी ते मागवलेसुद्धा. तुझ्या उपयोगाचं असेल तर बघ.

आमची भिंगरी मजेत आहे. सहावं लागल्यापासून वर्गाची पुढारी झाली आहे. एवढंच, की तिच्या बुटांचे तळ फक्त पुढे झिजतात, टाचा कोऱ्या राहतात. दिवसभर मी लहान मुलांच्याच पायांत बूट चढवते, पण असं कधी पाहिलं नव्हतं. जिन्यावरही हल्ली कठडा धरते. तुझे मेव्हणे म्हणतात की दुकानातला धंदा मी घरी आणते. तसंच असेल.

तुझ्या लोभाची सवय लागली आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१४ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मेव्हण्यांना सांग, रुमाल टाकणाऱ्याला निदान बस दिसत असते. मी बस यायच्या आधी, तिथे थांबा होणार की नाही हेही ठाऊक नसताना रुमाल टाकतो.

'अनवाणी बूट' बघितलं. कुणीतरी दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलंय. दुकानात मागणी यायला लागली की शब्द माझ्यासाठी शिळा झालेला असतो. मला तो त्याआधी हवा असतो, नोकरीच्या जाहिरातीत, प्रदर्शनाच्या पत्रकात, कारागिरांच्या बोलण्यात. मग तो शब्द लोक इंटरनेटवर किती शोधतात याची रेघ बघायची. एकदम उभी चढली तर ती हौस, तशीच धपकन खाली येते. दर महिन्याला थोडी थोडी चढली तर शब्द मुक्कामाला आला समजायचं. आणि सगळ्यांत भरवशाचा शब्द कंपनीने काढलेला नसतोच. एखाद्या गोष्टीला नाव नसतं आणि लोक आपणहून तिला नाव देतात, तो. असा एक सापडला की वर्षाची सोय होते. बाकीची नावं मी दरवर्षी पैसे भरून नुसती पोसतो, ती दिवाणखान्यातल्या पाहुण्यांसारखी हलायचं नाव घेत नाहीत. तेव्हा तसा शब्द कानावर आला तर कळवायला आळस करू नकोस.

भिंगरीला एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखव. काही नसेल, पण दाखव. जिच्या पायाला भिंगरी म्हणून आपण ते नाव ठेवलं, ती कठडा धरते हे मला आवडलं नाही. माझ्या खोलीखालच्या रंगाच्या दुकानातून तिच्यासाठी रंगांच्या नमुन्यांची पट्टी मागून घेतली आहे, सोबत पाठवतो. पत्राला टर्पेंटाइनचा वास आला तर नाक मुरडू नकोस.

इकडचा लोभ शाबूत आहे, तिकडचाही तसाच राहू दे.

तुझा,
दादा

१२ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. भिंगरी शेजारीच असते आणि माझा आवाज कसा आहे ते तिला लगेच कळतं. कागदावर बरं पडतं.

हाडांचं काही नाही, नसांचं आहे. डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, पण ते इतकं लांबलचक आहे की मला ते इथे लिहिताही येणार नाही. पायांपासून सुरू होतं आणि वर सरकतं. औषध नाही. एक तयार होतंय, पण इथे त्याची चाचणी सुरू करायची तर पुरेशी मुलं हवीत, आणि अजून पायांवर उभी राहणारी हवीत. अशी मुलं आहेत कुठे हे कुणालाच माहीत नाही.

तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकांवर आम्ही चार घरं एकमेकांना भेटलो. त्यांत एक बसचालक आहेत, त्यांचा मुलगा भिंगरीएवढाच. ते म्हणाले, पोरं काचांवरून चालल्यासारखी पावलं टाकतात, आपण याला काचपाऊल म्हणू. तेव्हापासून आम्ही तेच म्हणतो. आता परिचारिकाही म्हणतात, आणि दुसऱ्या गावच्या एका आईने परवा फोनवर तोच शब्द वापरला. तिला तो कुणी सांगितला कोण जाणे. जो तो घरात हेच समजून बसलाय की जगात आपलं एकट्याचंच मूल असं आहे. म्हणून पैसे गोळा झाले की त्याच नावाने इंटरनेटवर एक जागा करायची ठरतंय. मुलं मोजली गेली तर चाचणी होईल.

भिंगरीने विचारलं, माझे पाय झोपलेत का. मी हो म्हटलं. आता सकाळी जाग आली की ती आधी पायांना हाका मारते.

दादा, मला फार भीती वाटते. घरात कुणाला म्हटलं नाही, तुला म्हणते.

लोभाची एवढी गरज कधी पडली नव्हती.

धाकटी

१६ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज दुपारी हातात पडलं. लगेच लिहायला बसलो, पण काय लिहावं ते सुचत नाही. माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्याची ही गत आहे.

धीर धर, असं लिहिणार होतो, पण तो तू धरलेलाच आहेस. औषध तयार होतंय हे काही थोडं नाही. रविवारी येतो. भिंगरीला सांग, मामा तिच्या पायांना उठवायला येतोय, आणि मामाचा आवाज कसा आहे ते पायांना माहीत आहे.

बसचालकांना कान आहे. शब्द चांगला आहे, टिकेल.

पाठीशी आहे, हे विसरू नकोस.

तुझा,
दादा

२ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज तुझ्या धंद्यातलं काम घेऊन तुझ्या दारात आले आहे.

पैसे जमले आणि आम्ही ते नाव घ्यायला गेलो, तर ते आधीच कुणीतरी घेऊन ठेवलंय. मालकाची ओळख झाकलेली आहे. विक्री बघणाऱ्या मधल्या कंपनीने जो आकडा सांगितला तो ऐकून बसचालक खुर्चीतच खचले. त्यांनी पुन्हा विचारून पाहिलं तर उत्तर आलं की मालकाला घाई नाही. आम्ही दुसरं लांबडं नाव घेतलं, पण ते कुणाला सापडत नाही. लोक काचपाऊल असं शोधतात, 'हे नाव विक्रीस आहे' अशी पाटी बघतात आणि माघारी जातात. औषधवाले म्हणतात मुलं कमी पडतात. मुलं कमी नाहीत रे, ती त्या पाटीपाशी येऊन परत जातायत.

भिंगरी आता कपाटाला धरूनच उभी राहते. पायांना हाका मारणं तिनं सोडून दिलंय. कारण विचारलं नाही.

तू या लोकांत वावरतोस. तो माणूस शोधून काढ. नाव सोळा ऑगस्टला घेतलं एवढंच दिसतं, त्यावरून माग लागतो का बघ. मी त्याला मनातल्या मनात पुरेशा शिव्या दिल्या आहेत, तेव्हा तू गोड बोल. त्याच्याही घरात कुणी लहान असेल.

तुझ्यावर सगळा भार टाकून मोकळी झाले, एवढा लोभ धरून आहे.

धाकटी

७ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तो माणूस मी आहे. तुझं ऑगस्टमधलं पत्र उघडलं, वाचत काचपाऊल या शब्दापर्यंत आलो, आणि पत्र तसंच टेबलावर ठेवून आधी ते नाव घेतलं. मग पुढचं वाचलं. वर्षानुवर्षं तुझ्या पत्रांतून शब्द वेचले, डोळे त्या वाटेने आपोआप गेले. पण पुढचं वाचून झाल्यावर तरी मी तुला कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण तोवर रेघ बघितली होती. ती दर आठवड्याला थोडी थोडी चढत होती. तुम्ही मागाल तेव्हा तसंच देऊन टाकू, अशी मी माझी समजूत घातली. मधल्या कंपनीकडून विचारणा आली तेव्हा वाटलं की एखादी औषध कंपनी असेल, म्हणून घाई नाही असं कळवलं. पलीकडे बसचालक असतील हे डोक्यातही आलं नाही. यायला हवं होतं.

आणखी एक सांगतो. एखादा शब्द शोधताना लोक त्याच्यासोबत आणखी काय लिहितात, तेही मला दिसतं. काचपाऊल आणि उपचार. काचपाऊल आणि डॉक्टर. आणि त्याखाली, काचपाऊल आणि मूल किती जगतं. मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. दर रविवारी तुझ्यासमोर बसून मी भिंगरीशी पत्ते खेळत होतो आणि हे पोटात ठेवून होतो.

नाव आज सकाळीच बसचालकांच्या नावावर केलं आहे. पाटी काढली आहे.

लोभ ठेव असं म्हणायचं तोंड मला नाही.

दादा

२० नोव्हेंबर

दादास,
नमस्कार.

नाव पोचलं. ते कुणाकडून मिळालं हे मी बाकांवर कुणालाच सांगितलेलं नाही. बसचालकांनी त्या अनोळखी माणसाचे आभार कळवायला सांगितले, म्हणून कळवते.

पाटी गेली आणि पहिल्या आठवड्यातच इतकी घरं आली की चाचणी ठरली. बसचालकांचा मुलगा घेतला गेला. भिंगरीला घेतलं नाही. आधार न घेता उभं राहता यायला हवं अशी अट होती आणि ते तिचं सप्टेंबरात गेलं. मी डॉक्टरांना विचारलं की आम्ही ऑगस्टातच जमलो असतो तर. ते म्हणाले, सांगता येत नाही. कंपनीने कदाचित तेव्हाही उशीर लावला असता, कदाचित नसता लावला. मला त्यांनी हो म्हटलेलं चाललं असतं, नाही म्हटलेलंही चाललं असतं. आता तुला दोष देते तेव्हा वाटतं की अन्याय करते आहे, आणि देत नाही तेव्हा वाटतं की लेकीवर अन्याय करते आहे.

रविवारी येऊ नकोस. ती मामाबद्दल विचारते. मामा कामात आहे असं मी सांगते, आणि मामाला खूप काम असतं हे तिला पटतं.

धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

भिंगरीला नेलं त्या दिवशी मी आलो होतो. फाटकाबाहेर, समोरच्या बाजूला उभा होतो. मेव्हण्यांनी मला पाहिलं आणि हाताने आत बोलावलं. ते आत बोलावतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यामुळेच पाय उचलला नाही. इतकं लहान ओझं इतक्या माणसांनी धरलेलं मी पाहिलं आणि परत फिरलो.

तिने जिंकलेला पत्त्यांचा शेवटचा डाव माझ्याकडून फेडायचा राहिला आहे. हरलेल्याने गाढवासारखं ओरडायचं असं ठरलं होतं. मी खोलीत एकटा असताना ओरडून पाहिलं. खालच्या रंगवाल्याने वर येऊन, बरं वाटत नाही का, असं विचारलं.

नावांचे पैसे भरणं थांबवलं आहे. मुदत संपेल तशी एकेक सुटते आहे. रंगाच्या दुकानातच माल मोजायला बसतो. फक्त ती एक रेघ रोज बघतो, ती अजून चढतेच आहे. ते बघणं मात्र सोडवत नाही.

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिलं, तर ते खोटं होईल.

दादा

३० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दीड महिना उघडलं नव्हतं. काल उघडलं. गाढवाच्या ओरडण्याचं वाचून हसले, आणि हसले म्हणून स्वतःचाच राग आला. तुझे मेव्हणे शेजारच्या खोलीतून धावत आले. या घरात कुणी हसलेलं त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुकानात परत जाते. आधी लहान मुलांचे पाय हातात धरवत नव्हते, म्हणून मालकांनी मोठ्यांच्या विभागात बसवलं होतं. गेल्या सोमवारी आपणहून परत गेले. संध्याकाळी काचपाऊलच्या इंटरनेटवरच्या जागेवर येणारी पत्रं वाचते. उत्तरं देण्याचं काम मी मागून घेतलं आहे. सगळी पत्रं सारखीच असतात. आधी आईवडील सांगतात की आमचं मूल तसं धट्टंकट्टं आहे, आणि मग विचारतात. जे तू मला सांगितलं नाहीस ते मला त्यांना सांगावं लागतं. ते कसं सांगायचं हे मला अजून जमत नाही, आणि तुला का जमलं नसेल हे आता थोडं समजतं. थोडंच. राग गेलेला नाही. तो जाईल असं तुला खोटंच कशाला सांगू.

औषधाचं म्हणशील तर बसचालकांचा मुलगा परवा दारापासून खिडकीपर्यंत चालला. त्यांनी मला दाखवायला बोलावलं होतं. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, आणि घरी येऊन भिंगरीच्या बिछान्यावर पडून राहिले.

तुला एक काम सांगते, ते नाही म्हणू नकोस. ती रेघ बघणं सोडू नकोस. चढणारे शब्द तुला सगळ्यांच्या आधी दिसतात, तसा मावळणाराही दिसेल. एखादा महिना असा येईल की हा शब्द शोधणारे आईबाप मागच्या महिन्यापेक्षा कमी असतील, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी कमी. तसं झालं की त्याच दिवशी मला पत्र लिही.

तोवर लिहू नकोस. माझ्याने उघडवणार नाही.

लोभ काही केल्या संपत नाही, हीच अडचण आहे.

तुझी,
धाकटी